वल्ह्यांना बांधलेली माणसं

ऑक्टोबर हा आमच्याकडे जपमाळेचा महिना. वसईच्या कॅथलिक घरांतून रोज संध्याकाळी सगळी मंडळी क्रुसासमोर बसतात, घरातली थोरली बाई सुरुवात करते आणि 'नमो मारिया'ची लय ओटीपर्यंत ऐकू येत राहते. ७ ऑक्टोबरला जपमाळेच्या राणीचा सण असतो. हा सण मुळात एका आरमारी लढाईतल्या विजयाची आठवण आहे, हे प्रवचनात एखाद्या वाक्यात येतं आणि निघून जातं. त्या वाक्याचा माग काढत मी लेपांतोच्या लढाईपर्यंत पोचले आणि मग त्या लढाईवर जे हाती लागेल ते वाचत गेले. या लढाईने नेमकं काय बदललं, यावर इतिहासकार पिढ्यानपिढ्या भांडत आलेत. ते भांडण वाचताना मला सारखं वाटत राहिलं की त्यात बहुतेक जण सुलतान, राजे आणि सेनापती यांच्या बाजूला उभे राहून जमाखर्च मांडतात. वल्ह्यांवर बसलेल्या माणसांच्या बाजूने मांडला तर हिशेब वेगळा निघतो.

आधी लढाई काय होती ते सांगते. १५७० साली ऑटोमन (म्हणजे तुर्की) सुलतान दुसरा सेलिम याच्या फौजा सायप्रसवर उतरल्या. बेट व्हेनिसच्या ताब्यात होतं. निकोसिया त्याच वर्षी पडलं, फामागुस्ताने मात्र पुढच्या ऑगस्टपर्यंत दम धरला. स्पेन आणि व्हेनिस यांचं एकमेकांशी कधीच धड पटत नव्हतं, पण पोप पाचवा पायस याने मे १५७१ मध्ये करार करून दोघांना आपल्याबरोबर एका संघात बांधलं. निम्मा खर्च स्पेनचा, एक तृतीयांश व्हेनिसचा, उरलेला सहावा हिस्सा पोपचा. आरमाराचं नेतृत्व डॉन हुआनकडे आलं. तो स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा सावत्र भाऊ, वय अवघं चोवीस. आरमार सिसिलीतल्या मेसिनाहून निघालं आणि वाटेत फामागुस्ताची बातमी आली: गाव शरण आलं, अभयाचं वचन मोडलं गेलं आणि व्हेनिसचा किल्लेदार मार्कांतोनिओ ब्रागादिन याची जिवंतपणी कातडी सोलली. या बातमीनंतर तडजोडीची भाषा करायला कोणी धजलं नसावं.

७ ऑक्टोबर १५७१, रविवार. ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर, पात्रासच्या आखाताच्या तोंडाशी दोन्ही आरमारं समोरासमोर आली. दोन्हीकडे दोनशेहून अधिक गॅली, म्हणजे वल्ह्यांवर चालणाऱ्या लांबट, अरुंद, कमी उंचीच्या युद्धनौका. व्हेनिसने सहा अवजड जहाजंही आणली होती. मूळच्या व्यापारी गॅली, पण आता तोफांनी भरलेल्या. त्यांतली काही रांगेच्या पुढे ओढून नेऊन उभी केली आणि ऑटोमन रांग तिथेच फाटायला लागली. दुपारपर्यंत ऑटोमन सरसेनापती मुएझ्झिनझादे अली पाशा मारला गेला होता. संध्याकाळी शंभराहून जास्त ऑटोमन जहाजं विजेत्यांच्या हाती होती. मेलेल्यांचे आकडे प्रत्येक इतिहासकाराकडे वेगळे. ऑटोमन बाजूचे वीस हजार किंवा त्याहून जास्त, संघाच्या बाजूचे सात-आठ हजार, असा साधारण अंदाज आहे. चार-पाच तासांत एवढी माणसं गेली.

त्याच हंगामात आपल्या किनाऱ्यावर काय चाललं होतं, तेही सांगायला हवं. १५७०-७१ मध्येच विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला आणि अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला होता. गोव्यात व्हाइसरॉय लुईस दे अताइद होता आणि दोन्ही ठाणी पोर्तुगीजांनी राखली. पोर्तुगाल लेपांतोच्या संघात नव्हतं. या वेढ्यांचा आणि त्या लढाईचा धागा जुळवायचा माझा हट्ट नाही. पण भूमध्य समुद्रावर लिहिणाऱ्या बहुतेकांना चौल दिसत नाही आणि चौल-रेवदंड्याला सहलीला जाणाऱ्या आपल्याला फामागुस्ता ठाऊक नसतं, याची मला फार खंत वाटते. तोफा त्याच काळातल्या, वेढ्यात उपाशी राहिलेली माणसंही त्याच काळातली.

विजयाची बातमी १९ ऑक्टोबरला व्हेनिसमध्ये पोचली आणि शहर वेडं झालं. चित्रं, पदकं, कविता, छापील पत्रकं यांचा पूर आला. व्हेरोनेझेने आणि म्हाताऱ्या तिशियानने या विजयावर चित्रं काढली, वासारीने व्हॅटिकनच्या भिंती रंगवल्या. तिंतोरेत्तोचं चित्र व्हेनिसच्या राजवाड्यात लागलं होतं, ते १५७७ च्या आगीत जळालं. पोपने विजयाचं श्रेय मारियेला दिलं. १५७३ मध्ये तेराव्या ग्रेगरीने जपमाळेच्या सणाला मान्यता दिली, १७१६ मध्ये तो साऱ्या चर्चचा सण झाला आणि ७ ऑक्टोबर ही तारीख कायमची ठरली ती १९१३ साली. आमच्या घरी जी तारीख पाळली जाते तिला हा एवढा मोठा प्रवास आहे.

इकडे इस्तंबूलमध्ये मात्र सुतार कामाला लागले होते. वजीर सोकोल्लू मेहमेद पाशा आणि नवा आरमारप्रमुख उलुच अली यांनी एका हिवाळ्यात दीडशेच्या आसपास नव्या गॅली उभ्या केल्या. एवढे नांगर, दोर, शिडं आणायची कुठून, असं उलुच अलीने विचारलं तेव्हा वजीर म्हणाला की हे राज्य मनात आणलं तर नांगर चांदीचे, दोर रेशमाचे आणि शिडं सॅटिनची करील. ऑटोमन इतिहासकारांनी हा संवाद मोठ्या अभिमानाने लिहून ठेवलाय. याच वजिराने व्हेनिसच्या वकिलाला सुनावल्याचंही सांगतात: सायप्रस घेऊन आम्ही तुमचा हात तोडला, आरमार बुडवून तुम्ही आमची दाढी भादरली. हात पुन्हा फुटत नाही, दाढी मात्र पहिल्यापेक्षा दाट येते. मार्च १५७३ मध्ये व्हेनिसने मित्रांना न विचारता वेगळा तह केला, सायप्रसवर पाणी सोडलं आणि वर ३ लाख डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, मोजले. १५७४ मध्ये उलुच अलीने ट्युनिसही घेतलं. तह वाचल्यावर कोणालाही वाटावं की लेपांतोत तुर्कच जिंकले होते, अशा अर्थाचं फ्रेंच लेखक व्होल्तेर लिहून गेला.

विद्वानांचं भांडण इथून सुरू होतं आणि ते मला मनापासून आवडतं.

फ्रेंच इतिहासकार फेर्नां ब्रोदेल याने दुसऱ्या फिलिपच्या काळातल्या भूमध्य समुद्रावरचा आपला प्रचंड ग्रंथ १९४९ मध्ये छापला. त्याचा मोठा भाग त्याने दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना, जवळ टिपणं नसताना, वह्यांमध्ये लिहून काढला होता. लढाया आणि तह म्हणजे इतिहासाच्या पृष्ठभागावरचा फेस, खरा इतिहास डोंगर, वारे, धान्य आणि व्यापारी वाटा यांचा, ही त्याची भूमिका सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच त्याने लेपांतोला दिलेली जागा मला लक्षणीय वाटते. तो म्हणतो, लढाईनंतर काय मिळालं एवढंच पाहाल तर हात रिकामा दिसेल. पण आधी काय होतं ते पाहा. ख्रिस्ती जगाला एक न्यूनगंड होता, तुर्क समुद्रावर हरत नाहीत अशी ठाम समजूत होती. ती त्या दिवशी संपली. फेसाला कमी लेखणाऱ्या माणसाने हे लिहावं, याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

अँड्र्यू हेस या अमेरिकन इतिहासकाराने १९७२ मध्ये याला उलटून उत्तर दिलं. त्याचं म्हणणं असं की तुम्ही सगळे युरोपची कागदपत्रं वाचता म्हणून तुम्हाला लेपांतो डोंगराएवढं दिसतं. ऑटोमन बाजूने पाहा. आरमार पुन्हा बांधलं गेलं, सायप्रस राहिलं, ट्युनिस मिळालं. दोन साम्राज्यांची सरहद्द आखली गेली आणि मग ऑटोमन इराणकडे वळले, स्पेन अटलांटिककडे. त्याच सुमारास तुर्की इतिहासकार हलिल इनालजिक यांनी ऑटोमन दप्तरातले हुकूम समोर आणले आणि इस्तंबूलला आपल्या नुकसानीची पुरती जाणीव होती हेही दिसलं. सरदारांना आणि सुभ्यांना धडाधड फर्मानं सुटली होती: माणसं पाठवा, वल्हेकरी पाठवा.

तिसरा माणूस मला सगळ्यांत पटतो. जॉन गिल्मार्टिन. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टर चालवलेला हा वैमानिक पुढे इतिहासकार झाला आणि १९७४ मध्ये त्याने गॅली आणि तोफा यांवर पुस्तक लिहिलं. त्याने प्रश्न एकदम खाली, माणसाच्या हातापर्यंत आणला. जहाज एका हिवाळ्यात बांधता येतं, हे खरं. पण ऑटोमन सैनिकाचं मुख्य हत्यार होतं शिंग, लाकूड आणि जनावरांच्या स्नायुरज्जूंचे थर चिकटवून केलेलं धनुष्य. ते पेलायला लहानपणापासूनचा सराव लागतो. तोड्याची बंदूक मात्र एखाद्या शेतकऱ्याच्या पोरालाही थोड्या दिवसांत शिकवता येते. लेपांतोत बुडाले ते हजारो तरबेज तिरंदाज आणि मुरलेले खलाशी, आणि त्यांची जागा कोणत्याही खजिन्यातून भरून निघणारी नव्हती. १५७२ च्या उन्हाळ्यात उलुच अली नवं आरमार घेऊन आला खरा, पण ओल्या लाकडाची जहाजं आणि नवखी माणसं घेऊन तो मोठी लढाई टाळत राहिला.

मी किनाऱ्यावर वाढले. चांगला तांडेल तयार व्हायला किती पावसाळे जावे लागतात हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं. गिल्मार्टिनचं म्हणणं मला लगेच उमगलं ते त्यामुळेच. पण तोही थांबतो तो तिरंदाजांपाशी, लढणाऱ्यांपाशी. जहाज हलवणारे तिथे संख्येने जास्त होते.

बार्सिलोनाच्या सागरी संग्रहालयात डॉन हुआनच्या 'रेआल' या गॅलीची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. लढाईला चारशे वर्षं झाली तेव्हा, १९७१ मध्ये, ती बांधली. मागच्या बाजूला सोनेरी मुलामा, कोरलेल्या मूर्ती, रंगवलेली चित्रं; तरंगता देव्हाराच वाटतो तो. लोक तिथे फोटो काढत होते. मी बाकांपाशी जास्त वेळ थांबले. वल्ह्याचा दांडा इतका जाड असतो की तो माणसाच्या मुठीत मावतच नाही, म्हणून त्याला धरायला आडवी लाकडी पट्टी ठोकलेली असते. तीन-चार माणसांनी ती पट्टी धरायची, बाकावरून उठायचं, पुढे पाऊल टाकून वल्हं ढकलायचं आणि सगळं अंग मागे झोकून पुन्हा बाकावर आदळायचं. दोन बाकांमधलं अंतर पाहिलं की कळतं, एकाने जरी लय चुकवली तर मागच्याचं वल्हं त्याच्या पाठीत बसणार. त्याच बाकावर जेवायचं, त्यावरच झोपायचं आणि पायातली साखळी निघत नसल्यामुळे बाकीचे विधीही तिथेच. गॅली दिसायच्या आधी तिचा वास येतो असं त्या काळचे लोक म्हणत.

ही जाड वल्ही त्या शतकातलीच सुधारणा होती. आधी एका बाकावर तीन माणसं आणि प्रत्येकाचं आपलं वल्हं अशी पद्धत होती. त्याला कसब लागायचं आणि कसबी माणूस मजुरी मागायचा. एका मोठ्या वल्ह्याला तीन-चार माणसं लावली की त्यांतला एक जाणता पुरतो, बाकीच्यांचं नुसतं बळ हवं. मग गुन्हेगार चालतो, गुलाम चालतो, किनाऱ्यावरच्या गावातून पळवून आणलेला कोळी चालतो. गॅलींची संख्या वाढत गेली ती या सोयीमुळे आणि ज्यांच्या बळावर ती सोय झाली ती माणसं साखळीत होती, दोन्ही आरमारांत. ऑटोमन गॅलींवर ख्रिस्ती बंदिवान. संघाच्या गॅलींवर शिक्षा झालेले कैदी आणि मुसलमान गुलाम. व्हेनिसच्या बऱ्याच जहाजांवर तेव्हा अजून स्वतंत्र वल्हेकरी होते आणि वेळ आली की ते हत्यार उचलत. लढाईआधी डॉन हुआनने ख्रिस्ती कैद्यांच्या बेड्या काढवल्या, नीट लढाल तर सुटाल असं वचन दिलं. मुसलमान गुलामांच्या बेड्या तशाच राहिल्या. जहाज बुडालं तर ते जहाजाबरोबर जायचे.

आता त्या संध्याकाळचा हिशेब. पकडलेल्या ऑटोमन गॅलींवरून बारा ते पंधरा हजार ख्रिस्ती वल्हेकरी सुटले. कोणी दहा वर्षं, कोणी वीस वर्षं त्या बाकांवर काढली होती. या माणसांना 'लेपांतोने काहीच बदललं नाही' हे वाक्य कोण ऐकवणार? दुसरी बाजू लुटीच्या वाटणीत दिसते. जहाजं, तोफा यांच्याबरोबर साडेतीन हजारांच्या आसपास कैदी वाटून घेतले गेले, ठरल्याप्रमाणे स्पेनला निम्मे, व्हेनिसला एक तृतीयांश, पोपला सहावा हिस्सा. ते आता संघाच्या वल्ह्यांवर बसले. पोपच्या वाट्यालाही माणसं आली, हे वाचल्यावर मी त्या रात्री पुढचं पान उलटू शकले नाही. ज्या सणाला आम्ही मेणबत्त्या लावतो त्याच्या पोटात हेही आहे आणि ते सणाच्या प्रवचनात यायला हवं असं मला अगदी तळमळीने वाटतं.

सुटका आणि कैद यांच्यातली रेघ किती पातळ होती ते उलुच अलीकडे पाहिलं की कळतं. तो मूळचा इटलीतल्या कालाब्रियाचा. लहान वयात चाच्यांनी पळवलेला, ऑटोमन गॅलीवर वल्हं मारलेला. पुढे मुसलमान झाला, अल्जीयर्सचा सुभेदार झाला, लेपांतोतून आपली काही जहाजं घेऊन निसटलेला सेनानीही तोच. आणि स्पेनमधल्या ग्रानादात हुआन लातिनो नावाचा एक लॅटिनचा पंडित होता, कृष्णवर्णीय, जन्माने गुलाम. ड्यूकच्या मुलाबरोबर त्याची पुस्तकं वाहताना शिकला आणि स्वतः शिक्षक झाला. १५७३ मध्ये त्याने डॉन हुआन आणि लेपांतोवर लॅटिनमध्ये महाकाव्य छापलं. अलीकडे अभ्यासक त्याच्याकडे पुन्हा वळलेत याचा मला फार आनंद आहे. विजयगीतं तर शेकड्यांनी लिहिली गेली, पण साखळी कुळात भोगलेल्या माणसाने लिहिलेलं विजयगीत वेगळ्या कानाने वाचावं लागतं.

लेपांतोचं नाव आज कुठे कुठे वापरलं जातं तेही टाळून चालणार नाही. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधल्या मशिदींत नमाज पढणाऱ्यांना मारणाऱ्याने आपल्या बंदुकांवर जुन्या लढाया आणि सेनापतींची नावं लिहिली होती. व्हेनिसचा लेपांतोतला सेनापती सेबास्तिआनो व्हेनिएर याचं नाव त्यांत होतं. पश्चिम विरुद्ध इस्लाम अशी ही लढाई सांगणारी पुस्तकं अजून निघतात. त्यांच्या लेखकांचा या हत्याकांडाशी संबंध नाही, हे मी जाणते. पण सायप्रसमधल्या ग्रीक शेतकऱ्यांना व्हेनिसच्या जमीनदारांबद्दल प्रेम नव्हतं, फ्रान्सच्या ख्रिस्ती राजाचा सुलतानाशी दोस्तीचा करार होता, ऑटोमन आरमाराचा नवा प्रमुख कालाब्रियाचा होता, हे सगळं वगळल्याशिवाय ती गोष्ट तशी सांगताच येत नाही. मला धीर येतो तो दुसऱ्या एका घटनेने. लेपांतोत जिंकलेलं एक तुर्की निशाण रोममध्ये जपून ठेवलं होतं. १९६५ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ते तुर्कस्तानला परत केलं. विजयाचा सण ठेवून विजयाची लूट परत करता येते. हे आमच्याच चर्चने करून दाखवलंय.

आणि स्पॅनिश कादंबरीकार सर्व्हांटेस. तो त्या दिवशी 'मार्केसा' नावाच्या गॅलीवर होता, ताप अंगात असतानाही लढला, छातीत दोन गोळ्या लागल्या आणि तिसऱ्या गोळीने डावा हात कायमचा निकामी झाला. त्याच्या 'डॉन किहोते' या कादंबरीच्या पहिल्या भागात एक सुटून आलेला कैदी आपली कहाणी सांगतो. तुर्क समुद्रावर अजिंक्य आहेत हा जगाचा भ्रम त्या दिवशी फिटला, असं तो म्हणतो. ब्रोदेलने जे साडेतीनशे वर्षांनी सिद्ध करायला घेतलं, ते इथे एका ओळीत आहे. आणि लगेच पुढे: पंधरा हजार ख्रिस्ती वल्हेकरी त्या दिवशी सुटले, मी मात्र शत्रूच्या जहाजावर एकटा उडी मारून गेलो आणि त्या रात्री माझ्या पायात साखळ्या पडल्या. मोठा विजय आणि एका माणसाच्या बेड्या एकाच परिच्छेदात शेजारी ठेवणं कोणत्याही इतिहासकाराला त्याच्याइतकं साधलेलं नाही.

त्याला ते साधलं कारण त्याने ते भोगलं. १५७५ मध्ये स्पेनला परतताना चाच्यांनी त्याला पकडलं. अल्जीयर्समध्ये पाच वर्षं तो बंदिवान होता, पळायचे प्रयत्न फसले. सप्टेंबर १५८० मध्ये, इस्तंबूलला निघालेल्या गॅलीवर त्याला साखळीने बांधलेलं असताना, हुआन हिल नावाच्या, कैद्यांना सोडवणाऱ्या त्रिनितारी पंथातल्या संन्याशाने ५०० सोन्याचे एस्कुदो मोजून त्याला सोडवलं. कमी पडलेली रक्कम त्या संन्याशाने व्यापाऱ्यांकडून उभी केली. खंडणीची ती नोंद आजही आहे: मध्यम बांधा, भरघोस दाढी, डावा हात आणि दंड जायबंदी. त्याच वहीत त्या खेपेला सोडवलेल्या इतर कैद्यांचीही नावं आहेत, त्यांच्यासाठी मोजलेले पैसे आहेत. अशाच वह्या आणि गॅलींवरच्या गुलामांची दप्तरं भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर आहेत. अलीकडचे अभ्यासक आता ती उघडून एकेक नाव, एकेक गाव उतरवून घेतायत. लेपांतोवर यापुढे मी वाचणार आहे ते त्यांचं.